वीसपैकी चार

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

वेळ मुद्दाम मिनिटासकट लिहिते. पुढेमागे प्रकरण वाढलं तर ‘चारच्या सुमारास’ असलं ढिसाळ उत्तर माझ्याकडून जाणार नाही.

या वेळी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, पंचेचाळीस माणसांसमोर, मला खोरे परीक्षेत नापास करण्यात आलं. वीसपैकी चार.

नोंदीसाठी पार्श्वभूमी. अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा रामनाथ गेला आणि मी पुण्याचा फ्लॅट सोडून त्याच्या गावी राहायला आले. व्हाइस प्रिन्सिपॉल म्हणून रिटायर झालेली बाई इथे पापड वाळवत बसेल असं ज्यांना वाटलं, त्यांची मी निराशा केली. सहा वर्षांपूर्वी मी खोरे परिवार काढला. विचार साधा आहे. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या हद्दी कचेरीतल्या कुणीतरी पट्टी ठेवून आखल्या. खरी हद्द पाण्याची. कुकडी, मीना आणि घोड ज्यांना पाणी देतात ते सगळे एका खोऱ्याचे. त्यांनी इथलं बी पेरावं, इथलं झाड लावावं, इथलं खावं, इथलं गावं. यासाठी मी चोवीस कलमांची सनद लिहिली. कलम नऊ: ज्याला आपलं खोरं माहीत नाही त्याला कार्यकारिणीवर बसता येणार नाही. दरवर्षी परीक्षा.

गेल्या वर्षी पेपर मी काढला होता. अकरापैकी नऊ जण गडगडले. मी मोठ्या मनाने सगळ्यांना ग्रेस दिले. यंदा ठराव झाला की पेपर गावाने काढावा आणि तोंडी घ्यावा. त्या ठरावावर पहिली सही माझी. पेपर सोपा येईल असं वाटलं.

निकाल अध्यक्ष हौशीराम यांनी वाचला. टोमॅटोवाला मनुष्य, मीच त्याला अध्यक्ष केलं. “मॅडमना चार,” एवढं म्हणाला आणि खाली बघत राहिला. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी एकेकाला बघून घेतलं असतं. तेवढ्यात माझी शेजारीण लंकाबाई, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आवं, द्या की धाला टेकवून! पावण्या हायेत त्या.”

पावण्या. अकरा वर्षं झाली.

१० फेब्रुवारी. सकाळी ६.

झोप उत्तम लागली. दोनदाच उठले.

पेपरची चिरफाड. घरामागच्या ओढ्याचं नाव काय? मी सांगितलं, मीना उपप्रवाह क्रमांक तीन. माझ्या नकाशात तसंच आहे. उत्तर म्हणे ‘म्हसओढा’. हे नाव कुठल्याही छापील नकाशात नाही, मी रात्री तपासलं. लंकाबाईच्या गाईचं नाव काय? मी म्हटलं, जर्सी. शून्य. अरे, गाय जर्सीच आहे! कांद्याला कुठला वारा वाईट? प्रदूषित. शून्य. तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं? मी म्हटलं, बाहेर. इथे पुष्कळांना एकदम खोकला आला.

जी चार उत्तरं बरोबर आली, ती गेल्या वर्षी मीच यांना शिकवलेली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटनी आमच्याकडून ऱ्हाइनच्या उपनद्या पाठ करून घेतल्या होत्या. आजही म्हणून दाखवते, उगमापासून. तो प्रश्नच विचारला नाही, यात माझा काय दोष?

निश्चय: फेरतपासणी मागायची. नोकरीभर मी पालकांचे फेरतपासणीचे अर्ज फेटाळले आहेत. अर्ज कसा नसावा हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

१२ फेब्रुवारी

कलम चौदाप्रमाणे तक्रार लेखी, सचिवांकडे द्यायची. सचिवांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. सचिव मी. तक्रार लिहिली, गुणांबद्दल आणि ‘पावण्या’ या शब्दाबद्दल, स्वतःकडे दिली, स्वतःला पोच दिली, आवक क्रमांक टाकला. मग लक्षात आलं की नापास झाल्यामुळे मी सचिव उरलेली नाही. पोच रद्द केली. तक्रार टेबलावर आहे.

संध्याकाळी हौशीराम एसटी स्टँडवर भेटला. तक्रार आहे म्हटलं. तर म्हणतो, “कागुद कशाला मॅडम? हाक मारायची, मी आलो असतो की.” मग मोटरसायकलला किक मारता मारता, “मार्काचं काय एवढं मनावर घेता? म्या धावीला तीनदा बसलो राव.”

याच्या हातात खोऱ्याचं भवितव्य आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवा निश्चय. तक्रार जागेवर राहील, पण अभ्यासही करायचा. रोज पहाटे साडेपाचला वही घेऊन निघायचं. ओढा, गवतं, वारा, गाईंची नावं. महिन्यात वीसपैकी वीस.

आज सात वाजता निघाले. ओढ्याकाठी गजराबाई मेंढ्या घेऊन होती. ही धनगरांच्या वस्तीवरची. साठीची असेल, काटक, पायात पुरुषी चपला. यंदाचा अर्धा पेपर हिनेच काढला. उरलेला अर्धा हौशीरामने काढला, त्या अर्ध्यात ही स्वतः बसली. माझी पेपरसेटर. मी सगळं गिळून नम्रपणे विचारलं, या गवताचं नाव काय. म्हणाली, “कुसळी. तुमाला न्हाई ठावं? तुमच्या वावरात पेंढ्याच्या पेंढ्या हायेत की.” मी मोबाईलमधल्या ॲपवर गवताचा फोटो काढला. ॲपने ब्राझीलमधलं कुठलंतरी गवत सांगितलं. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, “मोबाइलला इचारू नगा बाई, मेंढराला इचारा. त्ये खातं का न्हाई, बास.”

वर मला चहाला वस्तीवर बोलावलं. मी अभ्यासात होते. नाही म्हटलं.

‘तुमच्या वावरात’ हा तिचा टोमणा. घरामागचं दीड एकर रामनाथचं रान मी सहा वर्षं पडीक ठेवलं आहे. ते पडीक नाही. ते नैसर्गिक पुनरुज्जीवन क्षेत्र आहे, तसा बोर्ड आहे. गाजरगवत वाढलं आहे ते पहिल्या टप्प्यात वाढतंच.

दुपारी लंकाबाईने नेहमीप्रमाणे शनिवारचं अळू आणून दिलं. तिच्याशी बोलत नाही. अळू घेतलं. फदफदं केलं.

१६ फेब्रुवारी

अंग दुखतंय. अभ्यासाला सुट्टी.

१७ फेब्रुवारी

कालच्याप्रमाणे.

१८ फेब्रुवारी. सकाळी ११.

ही नोंद करणं भाग आहे.

मी मोरीचा पाइप बघायला गेले नव्हते. कुंपणापाशी वाळत घातलेलं फडकं उडून पलीकडे गेलं, ते आणायला गेले. तर माझ्या भिंतीखालून एक काळा पाइप निघतो, आणि अंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी लंकाबाईच्या परसात जातं. तिथे तिने अळू लावलं आहे. हिरवंगार. हत्तीच्या कानाएवढी पानं.

तेच अळू. अकरा वर्षं दर शनिवारी. मंचरच्या परिसंवादात मी व्यासपीठावरून सांगितलं होतं की माझ्या शेजारणीचं अळू म्हणजे या मातीची शुद्ध चव.

लंकाबाई मागून आली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “मोरीचं पानी व्हय? त्ये पहिल्यापासनं हितंच येतं. तुमच्या सासूबाईंच्या येळंपासनं. त्या सोता धुणं धुताना हाक मारायच्या, लंके, सोडते गं पानी.” मग म्हणाली, “तुमी कवा हाक मारली न्हाई. मी आपली पाइपाचा आवाज आला का बादली सरकवती.”

विचार करता असं दिसतं की लंकाबाईचं अळू हे मूलतः माझं अळू आहे. पाण्याचा पुनर्वापर सनदेच्या कलम सहामध्ये आहे आणि तो मी अकरा वर्षं, कुणी न सांगता, प्रत्यक्ष आचरणात आणते आहे. या प्रश्नाचे निदान दोन गुण वाढायला हवेत. तक्रारीला पुरवणी जोडली. आता सहा.

शनिवारी अळू घेणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घेतलं. ती बाई दारात उभी होती, परत कसं पाठवणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

कार्यकारिणीची बैठक. मला बोलावणं नव्हतं, पण देवळाच्या ओट्यावर बसायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. सव्वा तास बसले. आतून सगळं ऐकू येतं.

नवीन सचिव निवडली. गजराबाई. तिला हौशीरामच्या अर्ध्या पेपरात दहापैकी नऊ. एक गुण कुठे गेला? तिला विचारलं, जुन्नर कुठं संपतं आणि आंबेगाव कुठं सुरू होतं. ती म्हणाली, “मेंढरं चारताना मला आजून कवा घावलं न्हाई.” शून्य. माझ्या सनदेच्या पहिल्या पानावर हीच गोष्ट मी अकरा ओळींत सांगितली आहे! हौशीरामला ती अजून कळलेली नाही. तिला तो गुण मिळायला हवा होता. मी ओट्यावरून तसं ओरडून सांगणार होते. मग म्हटलं, कशाला.

गजराबाईला लिहिता-वाचता येत नाही. चोवीस कलमांच्या संस्थेची सचिव. आत कुणीतरी हाच मुद्दा काढला. तर ती म्हणाली, “लिवायला मॅडम हायेत की भायेर बसलेल्या. बोलवा त्यांना आत, ऊन लागंल.”

मी उठून घरी आले. कारकून म्हणून मी आत जाणार नाही.

२ मार्च

मोठा निर्णय. ‘मूळ खोरे परिवार’ स्थापन. नोंदणी प्रस्तावित. सभासद: एक.

त्यांचं वार्षिक खोऱ्याचं जेवण १६ मार्चला आहे. दरवर्षी असतं, कल्पना माझी. खोऱ्याबाहेरचा एक कणही पानात नाही. आपलंही त्याच दिवशी, त्याच वेळी, माझ्या अंगणात. चाळीस माणसं. गाव आपोआप ठरवील की खरं खोरं कुठे आहे.

आरतीचा बेंगळुरूहून फोन. माझी एकुलती एक मुलगी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, सोसायटीत पण तू असंच दुसरं गणेश मंडळ काढलं होतंस. मग विचारलं, तिथे तुला जेवायला कुणी बोलावतं का गं? मी म्हटलं, रेंज जाते आहे.

५ मार्च

मंचरला जाऊन निमंत्रणं छापून आणली. जाड, पिवळसर, हातकागद. प्रेसवाल्याने विचारलं, खाली शुभेच्छुक म्हणून कुणाकुणाची नावं घालू? लग्नाच्या पत्रिकेला लोक चाळीस-चाळीस देतात म्हणे. मी म्हटलं, घालायची गरज नाही. भपका मला आवडत नाही.

१० मार्च

निमंत्रणं घरोघर स्वतः दिली. सर्वांनी दोन्ही हातांनी घेतली. “येऊ की,” सगळे म्हणाले. चाळीस नक्की. बसायला पंचेचाळीस पाट लागतील.

लंकाबाईला स्वयंपाकाला मदतीला बोलावलं. ती म्हणाली, “त्या दिवशी तिकडं भाकरी थापायला हाय मी. दोनीकडं कशी येऊ, हात दोनच.” मग पत्रिका उलटसुलट करून, “तुमी पन तिकडंच या ना. एकटीनं चाळीस मान्सांचं कवा करणार?”

करीन. होस्टेलवर दीडशे मुलींचा मेनू मी ठरवत असे.

१५ मार्च

मेनू दीडशे मुलींचा ठरवत असे. शिजवत दुसरेच होते, हे आज दुपारी लक्षात आलं. मेनू लहान केला: हुलग्याचं पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा.

१६ मार्च, रविवार

सकाळी १०. पिठलं छान झालं आहे. भाकऱ्या अठ्ठावीस. काही किंचित चौकोनी.

दुपारी १२. सगळं तयार. पाट मांडले.

१२.४०. देवळाकडून ढोलकी. यांना जेवायला बसताना गाणी लागतात.

१.१५. एक गाडी थांबली. पुण्याचे नवरा-बायको, शिवनेरीचा रस्ता विचारत होते. मी जेवायचा आग्रह केला. त्यांनी बिसलेरीची बाटली दाखवून सांगितलं, पोट भरलं आहे.

२.००. लोक उशिरा येतात, ही इथली पद्धतच आहे.

२.५०. लंकाबाई आली. डबा घेऊन. पाचही खण भरलेले. मी म्हटलं, परत ने. ती डबा पायरीवर ठेवून बाजूला बसली, आणि माझ्या पाटांच्या रांगेकडे बघत राहिली. मग उठून एका ताटात माझं पिठलं आणि दीड भाकरी घेतली, खाली बसून सगळं खाल्लं. “चांगलं झालंय,” म्हणाली. “मीठ इसरला व्हता का?”

जाताना निरोप दिला. गजराबाईने सांगितलं आहे, पुढच्या आठवड्यात एक रात्र ती मॅडमच्या पडीक वावरात मेंढ्या बसवणार. गाजरगवत तेवढं आधी उपटून काढा.

इथे रिवाज असा: पीक निघालं की धनगराचा कळप रात्रभर रानात बसवून घ्यायचा, लेंडीखताने जमीन सुधारते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं. सनदेच्या कलम अकरामध्ये मीच हा रिवाज जपावा असं लिहिलं आहे. मी विचारलं, धान्य किती? लंकाबाई म्हणाली, “काय न्हाई. तिनं तसंच सांगितलंय, मॅडमकडनं दाना घ्यायचा न्हाई.”

फुकट? यात काहीतरी आहे.

डबा परत पाठवला. त्यातल्या दोन पदार्थांची दर्जा तपासणीसाठी चव घेतली होती. तीन पदार्थांची.

१९ मार्च

गेले तीन दिवस विचार करते आहे. धनगर कुणाच्याही रानात फुकट बसत नाही. मग माझ्याच का? वहिवाट लावायची असेल. एकदा कळप बसला की दरवर्षी बसेल. नंतर म्हणतील, हे आमचंच.

लंकाबाईला ही शंका सांगितली. ती म्हणाली, “फुकट आपल्याच मान्साकडं बसवत्यात. सोताच्या रानात न्हाईतर भनीकडं. तिला एकबी भन न्हाई. यमाजी एकलाच भाव व्हता, त्यो गेल्या दिवाळीला गेला. तुमाला न्हाई ठावं?”

मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेपरात प्रश्न होता: यंदा वस्तीवर कोण गेलं? मी म्हटलं होतं, पास.

तरीही मुद्दा तोच. मी तिची बहीण नाही. कुठल्याही कागदावर तसं नाही.

२१ मार्च

पहाटे उठून बांधाकडच्या बाजूचं थोडं गाजरगवत उपटलं. हे व्यायामासाठी. हाताला खाज.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.

गजराबाई स्वतः आली. पायरीवर बसली. पाणी मागितलं, प्यायली, भांडं उपडं घातलं. म्हणाली, “बुधवारी रातच्याला बसवते. बेस्तरवारी फाटं आमी आळ्याकडं सरकणार, तिकडं रानं मोकळी झालीत. म्हंजी बुधवारच हातात हाय.”

मी सांगितलं, माझी तक्रार दीड महिना पडून आहे. तुम्ही सचिव आहात. मी या खोऱ्याची आहे की पाहुणी, याचं उत्तर तुमच्याकडून लेखी येणं बाकी आहे.

ती हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत. म्हणाली, “मला कुठं लिवता येतंय बाई? माझं उत्तार म्हंजी मी आले की.”

मी म्हटलं, कलम चौदा.

ती जरा वेळ माझ्या वावराकडे बघत राहिली, बांधाकडे, जिथे गवत उपटलेलं होतं तिथे. मग म्हणाली, “बगा. हाक मारा. लांब न्हाई मी, आवाज येतो.” आणि गेली.

तिला चहा विचारायचा राहिला. अर्थात, ती कामासाठी आली होती.

२४ मार्च, सोमवार

गजराबाईला लेखी पत्र आज लंकाबाईच्या हाती पाठवलं. तिने दारातच उघडून वाचलं, सातवी पास आहे ती. दोनदा वाचलं. मग विचारलं, “ह्याच्यात मेंढरं आनू का नगं, त्ये कुठं लिवलंय?”

मी म्हटलं, ते उत्तरावर अवलंबून. ती म्हणाली, “उत्तार शुक्रवारी मागितलंय, आन कळप बेस्तरवारी जातोय.” मी म्हटलं, मुदत नियमाप्रमाणे घातली आहे. एका कळपासाठी नियम बदलत नाहीत. ती पदराला पत्र बांधून गेली.

प्रत इथे उतरवून ठेवते.

प्रति,
सचिव, खोरे परिवार.

महोदया,

दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी सभामंडपात माझा उल्लेख ‘पाहुणी’ असा झाला. त्याबाबतची माझी तक्रार आजतागायत अनुत्तरित आहे. दि. २३ मार्च रोजी आपण समक्ष येऊन दिलेलं तोंडी उत्तर सनदेच्या कलम चौदाप्रमाणे ग्राह्य धरता येत नाही, याची खेदाने नोंद घेत आहे.

माझ्या जमिनीत मेंढ्या विनामोबदला बसवण्याचा आपला प्रस्ताव विचाराधीन आहे. हा प्रस्ताव आपण कोणत्या नात्याने देत आहात, ते नातं नावानिशी, स्पष्ट अक्षरांत लिहून, सही अथवा अंगठ्यासह कळवावं. त्याखेरीज कळपाला परवानगी देता येणार नाही.

आपलं लेखी उत्तर शुक्रवार, दि. २८ मार्च २०२५, सायंकाळी ५ वाजेपर्यंत माझ्या हाती पडावं. त्यानंतर आलेल्या उत्तराचा विचार केला जाणार नाही.

नूतन रामनाथ भोर